युद्धाची सिरियल लिहिताय? मग एवढं कराच

आधी तुकडीची भरती उरकून टाका. एक सरदारजी लागतो, तो खातो आणि हसवतो. एक साऊथचा लागतो, केरळ, तमिळनाडू, आंध्र कुठलाही चालतोय, अण्णा म्हटलं की झालं. एक मराठी गडी, तो दुसऱ्याच एपिसोडला "आई गं" करून पडला पायजे. आणि हिरो म्हणजे दिल्लीकडचा कॅप्टन, ह्याला धर्म-जात काही नसते, फक्त भारी आडनाव असतंय.

आता मुसलमान जवान. इथं नीट मेहनत घ्या, टीआरपी इथंच आहे. पहिल्या सीनला नमाज, दुसऱ्या सीनला कुणीतरी तिरकं बघणार, मग पाच-सहा एपिसोड ह्याला रात्री कुणाचा फोन येतो त्यावर ओढायचे, आणि शेवटी छातीवर गोळी घेऊन तो मेला की सगळ्यांनी माना खाली घालायच्या. जिवंत ठेवायचा नाही हां. राहिला तर पुढच्या सीझनला परत पहिल्यापासून संशय घ्यावा लागतो, रायटरला किती वैताग.

खरा इतिहास मात्र वाचू नका, स्क्रिप्ट बिघडते. १९६५ ला खेमकरणजवळ असल उत्तरला अब्दुल हमीद जीपवरच्या रिकॉइललेस गननं पाकिस्तानचे पॅटन रणगाडे फोडत होते, मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. हुद्दा कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार, म्हणजे रेशन-सामानाचा हिशोब बघणारा माणूस, आता ह्यात संशयाचा सीन कुठं घुसवणार सांगा? बाबा तू नेमका कुणाकडून, असं विचारत बसेपर्यंत पॅटन बांधावर थांबणार होय? रानात पाणी सोडून पॅटन रुतवले आणि आपले रणगाडे उसात दडवले, ही आयडिया आपल्या माळशिरसच्या शेतकऱ्याला लगेच कळली असती, पण तुम्ही तेवढंच गाळा, चिखलात हिरोचा युनिफॉर्म खराब होतो.

फौजेतलं सर्वधर्म स्थळ तर चुकूनसुद्धा दाखवू नका. एकाच छपराखाली मंदिर, मशीद, गुरुद्वारा, चर्च, आणि पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री हे सगळे फौजेच्याच पगारावर, जेसीओच्या, म्हणजे नायब सुभेदार-सुभेदाराच्या हुद्द्यावर. हे दाखवल्यावर भांडण कुठनं आणणार?

जातीचं तर नावच काढू नका. महार रेजिमेंट १९४१ ला बेळगावात उभी राहिली, युद्धघोष "बोलो हिंदुस्तान की जय", पण हे स्क्रिप्टमध्ये आलं तर कुणीतरी मीटिंगमध्ये विचारणार की रेजिमेंटच्या नावात आहे ते हिरोच्या आडनावात का नाही, आणि चहा गार होईपर्यंत कुणी बोलणार नाही.

शूटिंग सोलापुरात असेल तर चार हुतात्मा पुतळ्याकडं कॅमेरा फिरवू नका. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३० च्या मार्शल लॉनंतर चौघांना येरवड्यात एकाच दिवशी फाशी, १२ जानेवारी १९३१. फ्रेममध्ये चौघं एकदमच येतात हो, मग तिरकं बघायचं कुणाकडं?

राहता राहिली मराठी जवानाची आई. समजा तुम्ही खरंच सोलापुरातल्या अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत गेलात, तर एखादी आई उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन विड्या वळताना दिसंल, कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरायचा, गुंडाळून दोरा बांधायचा, हात चालूच, आणि खांद्यानं फोन धरून पोराशी तेलुगूत बोलणार, मधीच शेजारणीला कन्नडमधनं हाक, कारखान्याच्या माणसाला मराठीतनं शिवी. हे पाठवलं तर चॅनलवाले म्हणणार, हा जवान नेमका कुठला? तुम्ही म्हणणार सोलापूरचा. ते म्हणणार, आम्हाला मराठी पोरगा पायजे होता. तेव्हा वाद घालू नका, बाईला नऊवारी नेसवा, सूप काढून परात द्या, चूल पेटवा आणि ग्लिसरीनची बाटली आधीच मागवून ठेवा.