घरून जेवून निघा

टेबल साडेआठचं मिळालं असेल तर साडेसातला दोन पोळ्या आणि आमटी-भात उरकून घ्या. बाणेरमध्ये नव्यानं उघडलेल्या 'मॉडर्न इंडियन अँड एशियन' हॉटेलात भुकेल्या पोटी जाणं हा शुद्ध अडाणीपणा. तिथं 'एक्सपिरियन्स' घ्यायचा असतो, आणि तो चार माणसांत तीन नग येतो.

मेन्यूत पदार्थांची नावं शोधत बसू नका. 'भोपळा, मिसो, कोकम, राख' एवढंच लिहिलेलं असतं. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा जपानी लगदा, राख म्हणजे करपवून दळलेला कांदा. घरी करपला की बोलणी बसतात, इथं त्याचे पैसे पडतात. ही डिश शेफना आजीच्या चुलीपाशी सुचली, असं वेटर सांगेल. आजीचं गाव विचारू नका.

आधी चमच्यात दह्याचा गोळा येईल. सोडियम अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळातून काढलेली पूड) अर्धा टक्का द्रावणात चमचाभर दही सोडलं की दह्यातल्या कॅल्शियममुळे भोवती पातळ साल धरते. दोन-तीन मिनिटांनी काढून साध्या पाण्यात धुवायचं, झालं. (बोअरचं क्षारांचं पाणी वापरलं तर द्रावणच गुठळतं, आणि मग त्या दिवशी गोळा 'सीझनमध्ये नाही' असतो.) गोळा अख्खा तोंडात टाका. सभ्यपणे अर्धा चावलात तर उरलेला शर्टावर. धूर सोडत काही आलं तर तो ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे 78.5 अंश. फोटो काढा, पण तुकडा तोंडात घालू नका, पोरांनाही हात लावू देऊ नका. ही एवढी एक सूचना गंभीर आहे.

मिसळ बाओ मागवाच, म्हणजे चिनी पावातली मिसळ. पाव भट्टीत भाजतात, त्याला वरून कवच येतं, म्हणून तो तर्रीत बुडूनही तग धरतो. बाओ वाफवलेला, कवच नाही, वरून मैदा मऊसूत. रस्सा लागला की अर्ध्या मिनिटात लगदा. हे ओळखून शेफ रस्साच काढून टाकतात आणि मोड आलेल्या मटकीवर तीन शेवा उभ्या करतात. त्याला 'डीकन्स्ट्रक्टेड' म्हणायचं, कोरडी उसळ म्हणायचं नाही.

सुशीचा भात खडखडीत लागला तर तो फ्रिजमधला. गार झालेला स्टार्च कडक होतो, म्हणून सुशीचा भात कोमट लागतो. बासमती तर चिकटतच नाही. मावळातला इंद्रायणी चिकटला असता, पण तो जपानहून येत नाही ना! सुशीबरोबरचा हिरवा झणझणीत वसाबीही बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश (एक तिखट मूळ), मोहरी आणि रंग असतो.

मिसो-ठेचा खारट लागेलच. मिसो खारट, सोया सॉस खारट, ठेच्यात मीठ आधीच कुटलेलं. तिघांचं मीठ वेगवेगळ्या हातांनी घातलं, एकत्र चाखलं कुणीच नाही. तोंड वाकडं करू नका, 'उमामी छान आहे' म्हणा. कच्चट असेल तर 'टेक्स्चर', बेचव असेल तर 'बॅलन्स्ड'.

शेजारच्या टेबलावर कुणी मंचुरियन मागितलं तर तुच्छतेनं बघा. मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात 1975 साली चिनी वंशाचे भारतीय शेफ नेल्सन वांग यांनी आलं-लसूण-मिरची आपलीच ठेवून गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला. त्यांना दोन्हीकडची चव ठाऊक होती, आणि ते फ्यूजन आज गाडीवर कोबीत मिळतं. असल्या पोट भरणाऱ्या गोष्टीत काय कला?

बिल मात्र चष्मा लावून वाचा. 4,000 रुपयांवर 10 टक्के सर्व्हिस चार्ज म्हणजे 400, आणि 5 टक्के जीएसटी 4,400 वर, म्हणजे 220. एकूण 4,620. सर्व्हिस चार्ज सक्तीनं लावता येणार नाही, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयानं 28 मार्च 2025 रोजी दिला आहे. काढायला सांगितलंत की वेटर मॅनेजरला शोधायला जाईल. हा त्या रात्रीचा सगळ्यात लांब कोर्स. तेवढ्या वेळात आजीचं गाव विचारून घ्यायला हरकत नाही.