नाडी सापडली

डॉक्टरशी खोटं बोलणं ही मी तरुणपणापासून जोपासलेली कला आहे. "रोज चालता का?" "हो तर." "गोड?" "अगदी नावाला." रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टर आणि मी दोघंही खूश असतो. नोकरीसाठी सिंगापूरला आलो तरी या धोरणात बदल करावा लागला नव्हता. पण परवा एका सिन्सेसमोर बसलो आणि माझी पंचाईत झाली. तिथे तोंड गप्प ठेवायचं असतं, मनगट बोलतं. आणि मनगटाला मी काहीच शिकवून ठेवलेलं नव्हतं.

सिन्से म्हणजे इथला चिनी वैद्य. दोन महिने माझं पोट फुगत होतं, झोप नव्हती, पहाटे ढेकरांची भूपाळी सुरू व्हायची. शेजारच्या चिनी आंटींनी लिफ्टमध्येच निदान केलं, "यू आर टू हीटी, ला!" हीटी म्हणजे उष्ण पडलंय. मुंबईपासून जवळजवळ चार हजार किलोमीटरवर येऊनही आईचंच वाक्य ऐकावं लागेल असं वाटलं नव्हतं. इथे ड्युरियन नावाचं फळ उष्ण आणि शेवंतीच्या फुलांचा चहा थंड. आमच्याकडे पपई उष्ण आणि सब्जा थंड. बाकी दटावणी तीच.

"भोंदू वगैरे नसतात हं इथे," बायको म्हणाली. चिनी वैद्यांच्या नोंदणीचा कायदा २००० साली झालाय, हे तिनं शोधून ठेवलं होतं. मी कायद्याला घाबरत नव्हतोच. ती बरोबर येणार होती, त्याला घाबरत होतो.

चायनाटाउनमधल्या त्या दवाखान्यात शिरताच जेष्ठमध आणि भिजलेलं गोणपाट एकत्र केल्यासारखा वास आला. भिंतभर काडेपेट्यांसारखे लाकडी खण. सत्तरीचे आजोबा, हाफ शर्ट, चेहऱ्यावर बँकेतल्या कॅशियरची शांतता. ते मँडरिन बोलत, औषधं मोजणारी मुलगी इंग्रजी करून सांगे. आधी त्यांनी मला नुसतंच निरखलं. मग जीभ काढायला सांगितली.

निघताना मी दोन बशा कांदेपोहे खाल्ले होते.

आजोबा गंभीर झाले. मुलगी म्हणाली, "पिवळा थर. आत फार उष्णता." बायको कुजबुजली, "हळद आहे हो ती!" पण ते इंग्रजीत सांगायचा धीर दोघांनाही झाला नाही. आजोबांनी ते लिहूनही घेतलं.

मग टेबलावर एक उशी आली. बाळकृष्णाच्या पाळण्यात शोभेल एवढीशी. तिच्यावर मनगट उताणं ठेवायचं. आजोबांनी आधी मधलं बोट टेकवलं, मग त्याच्या दोन्ही बाजूंना तर्जनी आणि अनामिका, आणि डोळे मिटले.

नाडी म्हटलं की मला पहिल्यांदा लेंग्याची आठवते, जी ऐन वेळी आत जाते. दुसरी पत्रिकेतली, आमची 'एकनाड' निघाली नाही म्हणून तर हे लग्न झालं. तिसरी आजोळच्या वैद्यबुवांची. तेही तीनच बोटं ठेवत: वात, पित्त, कफ. वाताची नाडी सापासारखी, पित्ताची बेडकासारखी, कफाची हंसासारखी चालते, असं शार्ङ्गधरसंहितेत आहे. आणि पुरुषाचा उजवा हात पाहिला की काम झालं. चिनी हिशेब मोठा. दोन्ही हात लागतात. डावीकडे तीन बोटांखाली हृदय, यकृत, मूत्रपिंड. उजवीकडे फुप्फुस, प्लीहा आणि पुन्हा मूत्रपिंड. प्रत्येक जागा आधी अलगद, मग जरा दाबून, मग थेट हाडापर्यंत. पिशवीतला आंबा तपासावा तसं माझं मनगट तपासणं चाललं होतं.

त्यात घड्याळ नाही. परंपरेप्रमाणे वैद्य रुग्णाचे ठोके स्वतःच्या श्वासावर मोजतो. एका श्वासाला चार-पाच म्हणजे ठीक. हे मी आदल्या रात्री वाचलं होतं आणि वाचायला नको होतं. आजोबांना मध्येच एक जांभई आली. त्या एका जांभईत माझे ठोके दहाच्या वर गेले असणार.

डाव्या हाताच्या मधल्या बोटाशी ते थबकले. मुलगी म्हणाली, "यकृताची नाडी ताठ आहे, ताणलेल्या तारेसारखी. तुम्ही राग गिळता का?"

"कोणाचा?" बायकोनं विचारलं.

"ऑफिसचा," मी म्हणालो. आयुष्यात इतकं चपळ उत्तर मला कधी सुचलं नव्हतं. पण बोटं मनगटावरच होती. आजोबांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला.

उजव्या हातावर खटला संपला. प्लीहा दुबळी, पोटात ओल. ओल! अंधेरीच्या घरातल्या भिंतीनंतर आता मी. आणि मग शेवटचं वाक्य: "तुम्ही रात्री उशिरा थंड आणि गोड खाता."

शांतता पसरली. बायको मराठीत, अतिशय हळू म्हणाली, "श्रीखंड संपतं म्हणून मी महिनाभर पोराला बोलतेय."

माझी बाजू अशी की यात नाडीनं काय दिवे लावले? चिनी वैद्यकात तपासणीच्या चार पायऱ्या आहेत. आधी बघायचं, मग ऐकायचं आणि वास घ्यायचा, मग विचारायचं, नाडीचा नंबर सगळ्यांत शेवटी. पहिल्या पायरीला माझं पोट टेबलाच्या अलीकडे मावत नव्हतं. हे निदान आमचा वॉचमनही करेल. पण ऐकतंय कोण!

घरी येताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, फोन काढला. चिठ्ठीवर मुलीनं 'स्लिपरी' लिहिलं होतं, तेवढं बघावं म्हटलं. ली शीजेन नावाच्या वैद्यानं १५६४ साली नाडीचे २७ प्रकार पद्यात बांधून ठेवलेत, त्यातली ही घसरती नाडी. ताटलीत मोती घरंगळावेत तशी लागते. कफ साठला, अन्न अडकलं की येते. आणखी केव्हा येते ते वाचून मी फोन खिशात घातला. पण बायकोनं खांद्यावरून वाचलं होतं. ही गरोदर बाईचीही नाडी असते.

मी घाईघाईनं सांगितलं की हे काही सिद्ध झालेलं नाही, २०१४ साली बीजिंगच्या एका डॉक्टरनं पन्नास हजार युआनची पैज लावली होती, की नुसत्या नाडीवरून गरोदरपण ऐंशी टक्के अचूक ओळखून दाखवा; मोठा वाद झाला, आणि पैज काही कुणी जिंकून दाखवली नाही. बायको पुढची चार स्टेशनं हसत होती. मग तिनं सांगलीला फोन लावला. "आई, अगं, ह्यांना डोहाळे लागलेत. श्रीखंडाचे."

औषधाच्या पुड्या आहेत, कोमट पाण्यातून दोन वेळा. त्यात जेष्ठमध आहे, वाळवलेली संत्र्याची साल आहे, आणि उरलेलं बहुधा शिक्षा म्हणून घातलंय. पोट मात्र खरंच जरा हलकं वाटतंय. पुड्यांनी की श्रीखंड बंद झाल्यानं, याचा निवाडा मी करत नाही.

बंद म्हणजे तसं बंदच. काल रात्री दीड वाजता फक्त डबा नीट लागलाय ना, एवढंच बघायला उठलो होतो. केशर-वेलचीचं होतं. फ्रिजच्या उजेडात चमचा तोंडातून निघतच होता, इतक्यात मागून मनगटावर तीन बोटं टेकली. मधलं आधी, मग बाजूची दोन. बरोब्बर त्याच क्रमानं.

"जीभ काढा," बायको म्हणाली.