बटण

आजोबांच्या गाण्याच्या तबकड्यांची पेटी दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून खाली आली आणि आमच्या घरातली शांतता माळ्यावर गेली.

तबकड्यांसाठी फोनो प्रीॲम्प, म्हणजे सुईकडून येणारा बारीक आवाज मोठा आणि सरळ करणारं यंत्र, मागवला. त्याला एकच बटण, पण भोवती खुणा सहा: आरआयएए, कोलंबिया, एईएस, असं बरंच काही. बटण फिरतं मात्र लोण्यासारखं!

भानगड अशी, की रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबतात, नाहीतर खर्जाची खाच वळवळत शेजारच्या खाचेत घुसते. वरचे सूर चढवून ठेवतात. वाजवताना बरोब्बर उलटं करायचं, म्हणजे खर्ज जागेवर येतो आणि वरच्या सुरांबरोबर खरखरही खाली बसते. मिसळीचा कट आधी काढून ठेवायचा आणि वाढताना परत ओतायचा, तसंच हे. पण काढला किती, ते आचाऱ्यालाच ठाऊक! १९५४ साली आरआयएएनं, म्हणजे अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेनं, सगळ्यांना एक माप घालून दिलं. त्याआधी ज्याचा त्याचा डाव वेगळा. बटणाभोवतीच्या खुणा त्याच मापांच्या. एईएस या ध्वनितंत्रज्ञांच्या संस्थेच्या मापात खर्ज ४०० हर्ट्झच्या खाली दाबायचा, कोलंबिया कंपनीच्या एलपीत ५००च्या. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांत कितीतरी वेळा २५०च्या आसपास.

आमच्या कोल्हापुरात राहिलेल्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर. त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातल्या तबकडीवरून अवकाशात गेली. त्या तबकडीच्या वेष्टनावर ती कशी वाजवायची याची आकृती कोरलेली आहे. परग्रहवाल्यांची सोय झाली. माझ्या तबकडीवर नुसता कर्ण्यापुढं बसलेला कुत्रा.

मग दोन रात्री मी एकच तबकडी सहाही खुणांवर ऐकली. वहीत नोंदी केल्या. ‘एईएस: तानपुरा जवळ आला.’ ‘कोलंबिया: आवाजाला जरा सर्दी.’ ‘आरआयएए: तबलजी शेजारच्या खोलीत.’

“अवो, मला तर सगळं सारखंच ऐकू येतंय,” बायको भाकरी थापता थापता म्हणाली.

“कान तयार असावा लागतो,” मी म्हणालो. तिनं पुढची भाकरी जरा जोरातच थापली.

तिसऱ्या रात्री बटण हातात आलं. आतला बारका स्क्रू ढिला होता. दोन रात्री ते दांड्यावर नुसतंच गरगर फिरत होतं आणि दांडा जागचा हललाच नव्हता.

बायकोला काही बोललो नाही. वही पेटीच्या तळाशी घातली आणि चष्म्याचा स्क्रूड्रायव्हर घेऊन स्क्रू घट्ट आवळला. बटण पक्कं बसल्यावर ध्यानात आलं, की खालचा दांडा नेमका कुठल्या खुणेवर आहे, हे बघायचं राहूनच गेलं.