आत्याच्या डब्यातल्या ८ नोटा

मागच्या रविवारी नाशिकच्या जेलरोडला आत्याकडे माळा साफ करताना हिंगाच्या जुन्या डब्यात बाद झालेल्या हजारच्या ३ आणि पाचशेच्या ५ नोटा निघाल्या, रबरबँड पार कडक होऊन चिकटलेलं, आणि आत्या रडायलाच लागली. पोलीस नेतील म्हणे, आत्ताच्या आत्ता जाळ. आणि हे जिथे नोटा छापतात त्या करन्सी नोट प्रेसपासून हाकेच्या अंतरावर, आत्याचे मिस्टर प्रेसमधूनच रिटायर झालेले!

ही भीती खूप घरांत आहे म्हणून लिहितोय. २०१७ चा कायदा आहे, जुन्या पाचशे-हजारच्या मिळून १० नोटा कोणीही ठेवू शकतं, अभ्यासासाठी किंवा संग्रहासाठी २५ पर्यंत. त्याच्या वर गेलात तर दंड, १०,००० रुपये किंवा नोटांच्या किमतीच्या पाचपट, जे जास्त असेल ते. गुलाबी २००० ची तर अजून बादच नाही, मे २०२३ मध्ये फक्त चलनातून काढायला घेतली. त्यामुळे जाळू नका, फाडू नका, आधी मोजा.

माझा राग आहे तो खेळण्यातल्या नोटांवर. पोरांच्या खेळात ठीक आहे हो, पण रंग-साईज डिट्टो खऱ्यासारखी कशाला छापायची? बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदाकाठच्या बाजारात एका भाजीवाल्या मावशींनी मला पाचशेची नोट दाखवली, दादा बघा बरं ही खरी का, दिवेलागणीच्या गर्दीत कोणीतरी देऊन सुट्टे घेऊन गेलेलं. रिझर्व्ह बँकेच्या जागी चिल्ड्रन बँक, नंबरात नुसती शून्यं, कागद गुळगुळीत. खऱ्या पाचशेच्या दोन्ही कडांना ५-५ उभार रेघा असतात, बोटाला लागतात, मी माझ्या पाकिटातली काढून त्यांना हात फिरवायला लावला. त्या काहीच बोलल्या नाहीत, सकाळच्या मालाचे पैसे होते ते.

नोटेसारखा दिसणारा कागद छापणं, वापरणं, कोणाला देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १८२ खाली गुन्हा आहे, पण दंड किती, तर ३०० रुपयांपर्यंत. मावशींचं नुकसान ५०० चं! हा दंड वाढलाच पाहिजे, आणि दुकानदारांनो, निदान खऱ्याच्या साईजच्या, खऱ्याच्या रंगाच्या नोटा तरी विकायला ठेवू नका.

आत्याच्या ८ नोटा आता कपाटात आहेत, सोबत माझ्या हातची चिठ्ठी, "१० पर्यंत चालतात, घाबरायचं नाही".