पिंपरीत जन्मलेली डब्ल्यू १२४

आज चिंचवडला साखरपुड्याला गेलो होतो. मी गाडी लावून उतरतेय तोच नणंदेचे दीर आले, बॉनेटवर टिचकी मारली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "अजून हे भंगार ठेवलंयस? यावर ओतलेल्या पैशात सनरूफवाली एसयूव्ही आली असती." गाडी माझी, पैसे माझे, चालवत आले मी, आणि विचारणा नवऱ्याला! समारंभ होता म्हणून गप्प बसले. पण घरी आल्यापासून डोकं शांत होत नाहीये.

माझी गाडी म्हणजे १९९६ ची मर्सिडीज ई २५० डी. गाड्यांतले लोक तिला डब्ल्यू १२४ म्हणतात. तिला भंगार म्हटलं तेही चिंचवडमध्ये उभं राहून, हे जास्त लागलं. मर्सिडीज १९९४ साली भारतात आली ती टेल्कोच्या, म्हणजे नंतरच्या टाटा मोटर्सच्या, पिंपरीच्या आवारात, आणि १९९५ पासून तिथे पहिली जोडली गेली ती हीच गाडी. मर्सिडीजचा चाकणचा कारखाना बराच नंतरचा, २००९ चा. माझे मामा तेव्हा पिंपरीच्या त्या लाइनवर होते. दरवाजे बसवायचे आणि फटी जुळवायच्या, हे त्यांचं काम.

तिचं नशीब मात्र खोटं. इथे ती बाजारात आली त्याच वर्षी युरोपात गोल दिव्यांचं पुढचं मॉडेल आलं. मग आपल्याकडच्या पैसेवाल्यांनी नाकं मुरडली. एवढे लाख मोजून तिकडे बंद होणारा माल का घ्यायचा म्हणे! खप रखडला आणि जो शिक्का बसला तो बसलाच. आज हौशी लोक तिच्या आधीची १२३ शोधत फिरतात, कारण तिच्यावर क्रोम आहे आणि लग्नाच्या फोटोत ती शोभते. १२४ बिचारी चौकोनी, साधी. तिचं मोठेपण आत बसल्याशिवाय कळत नाही.

मी बघायला गेले तेव्हा ती मिरजेला एका डॉक्टरांच्या बंगल्यात ताडपत्रीखाली उभी होती. मामांना मुद्दाम सोबत नेलं होतं. मला वाटलं, आधी बॉनेट उघडतील. त्यांनी मागचा डावा दरवाजा उघडला, लावला. परत उघडला, परत लावला. मग दरवाजाच्या फटीतून वरपासून खालपर्यंत अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हललेली नाही गं. घे." म्हणजे सांगाडा कुठे सरकलेला नाही. त्यानंतर त्या वयात जमिनीवर आडवे होऊन जॅक लावायच्या जागी गंज आहे का, ते बघत बसले.

हे ज्यांना कळत नाही त्यांना मी काय समजावू? सीटच्या आत स्प्रिंगा आहेत आणि त्यांवर काथ्याची गादी, म्हणून मुंबईला जाऊन आलं तरी कंबर धरत नाही. इंजिनाच्या टायमिंगला रबरी पट्टा नाही, जास्त टिकणारी धातूची चेन आहे. पाच सिलिंडरचं डिझेल इंजिन, त्याचा एक घुमल्यासारखा आवाज. आणि तो एकुलता एक वायपर! काचेच्या कोपऱ्याकडे जाताना तो लांब होतो, मधे आला की आखडतो, आणि काचेचा ८६ टक्के भाग पुसून काढतो. चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात असा पाऊस लागला की पुढच्या एसटीचा दिवा दिसेना. मामा मागे बसले होते आणि सबंध घाटभर त्या वायपरकडे बघत होते. खाली उतरल्यावर म्हणाले, "इतक्या गाड्या हाताखालून गेल्या, पण पावसात चालताना आज पहिल्यांदा बघतोय." मी पुढे काही बोललेच नाही. बोलवेना.

हो, खर्च आहे. एखादा पार्ट महिना महिना येत नाही. आजच्या गाड्यांत सुरक्षेची साधनं जास्त आहेत, तेही मान्य.

पण सरकारचं धोरण मला अजिबात मान्य नाही. १५ वर्षं झाली की दर ५ वर्षांनी फेरनोंदणी, वर पर्यावरण कर. फेरनोंदणीची फी २०२२ मध्ये ६०० वरून थेट ५,००० केली. व्हिंटेज म्हणून मान मिळवायचा तर ५० वर्षं पूर्ण हवीत. म्हणजे मधली ३५ वर्षं मालकाने फक्त दंड भरल्यासारखे पैसे भरायचे आणि ऐकून घ्यायचं! अशाने पन्नाशीपर्यंत पोचणार तरी किती गाड्या? चालती, धडधाकट गाडी तोडून नवी बनवण्यात कसलं आलंय पर्यावरण? ती नवी बनवायला लोखंड, वीज, पाणी लागत नाही का? आणि त्या सनरूफवाल्या एसयूव्हीचा स्क्रीन १० वर्षांनी बंद पडला तर तो कोण दुरुस्त करून देणार आहे? माझ्या गाडीचं इंजिन आमचे मिस्त्री डोळे मिटून खोलतात.

जाऊ दे. नणंदेच्या दिरांवर राग धरून काय करू, त्यांना ती कधी कुणी दाखवलीच नाही. पुढच्या वेळी मागे बसवून लोणावळ्यापर्यंत नेईन.

तुमच्यापैकी कुणी घ्यायच्या विचारात असाल तर आता घ्या, भाव अजून आवाक्यात आहेत. हिचीच पेट्रोलवरची ई २२० बघत असाल तर इंजिनाच्या वायरिंगचं आवरण भुगा होतंय का, ते आधी तपासा. त्या काळातल्या वायरिंगचा तो ठरलेला दोष आहे. डिझेल असेल तर पुढची मडगार्डं आणि जॅकच्या जागा बघा. आणि सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे कुणाच्या आवारात अशी एखादी उभी असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी मला मेसेज करा. मामांना घेऊन येते.