आरओ बसवायचा की नाही, डोक्याची पार मंडई झालीय

दोन महिने घरात एकच विषय, आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार गाळून काढणारं मशीन, घ्यायचं का नाही, आणि आज त्या सेल्समनने कहर केला. ग्लासात लोखंडाच्या दोन सळ्या सोडल्या, बटण दाबलं आणि दोन मिनिटांत पाणी तपकिरी गढूळ. म्हणे मॅडम, हे तुम्ही पोरांना पाजताय! अरे बाबा ती सळी गंजतेय, पाण्यात क्षार असले की वीज वाहते म्हणून, तुझ्या आरओच्या पाण्यात क्षारच नाहीत तर ते स्वच्छच राहणार ना. सासूबाई तेव्हापासून धड पाणी पीत नाहीयेत. म्हाताऱ्या माणसाला असं घाबरवून मशीन विकायचं, लाज नाही वाटत?

मी स्वतः टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचा मीटर आणून मोजलंय. महापालिकेचं पाणी असलं की 70-80. बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, मर्यादा 500 आहे, म्हणजे ह्याला आरओ लागतच नाही, जंतूंसाठी यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारं मशीन, पुरे. पण आमच्या ठाण्यात घोडबंदर रोडला ते पाणी येतं किती? एप्रिल लागला की टँकर, तो कुठल्या बोअरवर भरतात देव जाणे, परवा मीटरवर 940! चहाच्या भांड्याला पांढरा थर, नखाने खरवडावा लागतो, आणि डाळ तीन शिट्ट्या जास्त काढल्या तरी कडकच.

बरं मग घ्या आरओ, आणि एक लिटर प्यायला तीन लिटर मोरीत सोडा. आम्हाला पिण्या-स्वयंपाकाला रोज 15 लिटर लागतं, म्हणजे 45 लिटर गटारात, महिन्याला साडेतेराशे, तेही विकतच्या टँकरचं! शेजारच्या काकू म्हणतात बादलीत धरून लादी पुस. पुसेन, पण 45 लिटरने किती लाद्या पुसू, आणि ते आणखी खारं झालेलं पाणी तुळशीला तर घालवत नाही.

भातसा धरण आपल्याच जिल्ह्यात, शहापुरात, आणि आम्ही तलावांच्या शहरात राहून पाणी विकत घेतोय. फ्लॅट घेताना बिल्डरने 24 तास पाणी म्हणून छापलं होतं, तो कागद मी अजून जपून ठेवलाय. पाणी नाही तर टॉवरवर टॉवर मंजूर कोण करतं?

आता काय, आठ महिन्यांना यूव्ही आणि चार महिन्यांना आरओ, दोन मशीन घेऊ? सेक्रेटरींना लेखी दिलं की टँकर टाकीत ओतायच्या आधी मोजा आणि आकडा बोर्डावर लिहा, तर म्हणतात, "मॅडम, पाणी येतंय ना, मग?" उद्या टँकर आला की मीटर घेऊन मीच गेटवर उभी राहणार आहे.