बीपीच्या गोळीला किडनीची टेस्ट कशाला?

कोल्हापूरच्या गंगावेशीत रात्री दुधाच्या कट्ट्यावर काल विषय निघाला तो पेठेतल्या तपासणी शिबिरावरनं. तिथं बीपीची गोळी खाणाऱ्या दाजींना किडनीचीही टेस्ट करायला सांगितली होती. दाजी तापूनच आले होते.

"मला सांगा, बीपी हृदयाचं, गोळी हृदयाची, मग किडनीची टेस्ट कशाला? किडनी नीट गाळतीया का बघायला म्हणं क्रिएटिनिन काढा, वर पोटॅशियम काढा. पैसं काढायचा धंदा हाय नुसता!"

पप्याला एवढंच पाहिजे होतं. मनगटावर ते घड्याळ, त्यात पावलं, ठोके, झोप सगळं मोजतंय, पिशवीत हिरव्या ज्यूसची बाटली, आणि कुठल्याबी विषयात शेवटचा शब्द त्याचाच पाहिजे. "दाजी, बॉडी म्हंजे बुलेट हाय. पार्ट वेगळं, मेकॅनिक वेगळा. हार्टवाला हार्ट बघंल, किडनीवाला किडनी. मी रोज सकाळी लिव्हर डिटॉक्स घेतोय, विषय संपला."

"तुझी बुलेट दिवाळीपासनं गॅरेजात हाय, ती आण आधी," वस्ताद म्हणाले.

आक्काची ड्यूटी तेव्हाच सुटली होती. डायलिसिसच्या वॉर्डात नोकरी, उभं राहून राहून पाय दुखतात, पण ती बोलायला लागली की आम्ही गप ऐकतो. तिनं ग्लास खाली ठेवला.

"पप्या, बुलेटचा सायलेन्सर इंजिनला चिठ्ठी पाठवतोय काय रं? किडनी पाठवती. रक्तात ऑक्सिजन कमी पडला की ती एरिथ्रोपोएटिन नावाचं हार्मोन सोडती, ते हाडाच्या आतल्या मगजात जातंय आणि तिथं लाल पेशी वाढत्यात. म्हणून किडनी गेली की माणूस पांढराफटक पडतोय, आमच्याकडं कितीतरी पेशंटना त्याचीच इंजेक्शनं द्याला लागत्यात. बिघाड किडनीत, कमी पडतंय रक्त. सांग, कुठल्या मेकॅनिककडं न्यायचं?"

"ते एक्सेप्शन असतंय," पप्या म्हणाला आणि घड्याळात बघायला लागला.

"बरं. दाजी, तुमची आधीची गोळी, ती नावाच्या शेवटी 'प्रिल' असलेली, तिनं खोकला सुटला हुता न्हवं?"

"सुटला म्हंजे! रात्रभर कोरडा ढास. घरच्यांनी माडीवर झोपायला पाठवलं."

"आणि खापर फोडलं माझ्या विडीवर!" वस्ताद उसळले. "चारचौघांत मला बोलला हुता तुम्ही, इसरलो न्हाई मी."

हे प्रकरण जुनं आहे, त्यावर दोघं बराच वेळ भांडले, मग त्यातनं फुटबॉलच्या कुठल्यातरी जुन्या पेनल्टीवर गेले. शेवटी आक्कानंच ओढून आणलं.

"ऐका की वो. किडनीत रक्ताचं प्रेशर कमी पडलं की किडनी रेनिन सोडती. ते रेनिन लिव्हरनं बनवलेलं एक प्रोटीन कापतंय. त्याचा जो तुकडा निघतोय तो परत कापला जातोय, आणि ते कापायचं एन्झाइम सगळ्यात जास्त कुठं, तर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत. मग जे तयार हुतंय ते अंगभरच्या रक्तवाहिन्या आवळतंय, मेंदूला तहान लावतंय, आणि किडनीच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीला सांगतंय, मीठ-पाणी धरून ठेवायचा हुकूम काढ. हुकूम येतोय परत किडनीलाच. झालं बीपी वर. तुमची प्रिल त्या एन्झाइमला अडवत हुती. पण तेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ मोडतंय, ते अडवलं की तो साठतोय आणि काही जणांना खोकला. वस्तादांची विडी वाईटच, पण ह्या खटल्यात ती निर्दोष."

वस्तादांनी मिशीवरनं हात फिरवला. आक्का पुढं म्हणाली की ह्या गोळ्यांचा शोध ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषावरनं लागला, तो चावला की बीपी धाडकन पडतं, आणि पहिली गोळी अमेरिकेत १९८१ साली मंजूर झाली.

"साप खिशात घेऊन हिंडतोय मी?" दाजी.

"आता बदललीया ती. पण टेस्ट चुकवायची न्हाई. हृदय मिनिटाला ५ लिटर रक्त फिरवतंय, त्यातलं १ लिटर किडनीत. दिवसाला १८० लिटर गाळून त्यातलं दीड-दोन लिटर तेवढं बाहेर. बीपी वाढलं की ती चाळणी खराब, चाळणी खराब झाली की बीपी आणि वाढणार. वर तुमच्या आताच्या गोळीनंबी पोटॅशियम वाढू शकतंय, आणि लई वाढलं तर हृदय बंद पडायला वेळ लागत न्हाई. म्हणून टेस्ट. आणि रश्श्यावर वरनं मीठ घेता ते बंद करा."

मला आक्काचं शंभर टक्के पटतं. आपल्याकडं घराघरात हाडाची फाइल वेगळी, हृदयाची वेगळी, आणि एका डॉक्टरला दुसऱ्याच्या गोळ्या दाखवायच्या नाहीत असं जणू ठरलेलंच, ह्यात माणसं हकनाक आजारी पडतात, आणि त्याचा मला खरंच त्रास होतो. कालच बघा, वस्ताद छाती काढून म्हणाले, आपल्याला बीपीबिपी काय न्हाई, गुडघ्याची गोळी तेवढी मेडिकलमधनं आणून रोज खातोय. आक्का एकदम गंभीर झाली. तसल्या दुखण्याच्या गोळ्यांनी किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो, बीपीही चढतं. गुडघ्यासाठी घेतलेली गोळी किडनी खाती, उद्याच्या उद्या डॉक्टरला दाखवा, असं तिनं बजावलं. वस्तादांनी पहिल्यांदाच वाद घातला नाही.

"आणि माझं डिटॉक्स?" पप्यानं बाटली वर काढली.

"अरं लेका, लिव्हर अमोनियाचा युरिया करतंय, किडनी तो बाहेर टाकती, तू झोपलास तरी. त्या दोघांनी कधी तुझ्याकडं ज्यूस मागितला? उलट किडनी कमजोर असणाऱ्याला तसल्या ज्यूसातलं पोटॅशियम बाधंल. कुणाला विकू नको म्हंजे झालं."

"विकलंय की त्यानं!" दाजी ओरडले. "मलाच दोन बाटल्या! गोळीच्या पैशात!"

तेवढ्यात पप्याचं घड्याळ थरथरलं, 'उठा, चाला' म्हणून, आणि तो खरंच उठला. वस्ताद म्हणाले, "बिलाची वेळ बरोबर वळखतंय वो ह्येचं घड्याळ." दाजींच्या तोंडात नेमका दुधाचा घोट, हसू आवरेना, सगळं दूध नाकातनं बाहेर, ठसका, डोळ्यांत पाणी.

"पप्या, पळू नको," वस्ताद पाठ थोपटत ओरडले, "ह्यांला नाकवाल्याकडं न्यायचं का घशावाल्याकडं, तेवढं सांगून जा!"